आकाश आपले, इंजिन परक्यांचे

२ मे २०२३ रोजी ‘गो फर्स्ट’ या मुंबईस्थित विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची उड्डाणे थांबली, ती कायमचीच. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. २००५ साली ‘गोएअर’ या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने आपल्या ऱ्हासाचे खापर फोडले ते अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन उत्पादकावर. इंजिने वारंवार नादुरुस्त होतात, बदली इंजिने मिळत नाहीत आणि त्यामुळे २५ विमाने, म्हणजे एअरबस ए-३२० निओ ताफ्यातील जवळजवळ निम्मी विमाने जमिनीला खिळली आहेत, असे तिचे म्हणणे होते. उत्पादक कंपनीने हे आरोप फेटाळले. ग्राहकाने देणी थकवण्याचा इतिहास जुनाच आहे, असा प्रतिटोला हाणला.

या भांडणात कोणाचे किती चुकले, हा लवादाचा आणि न्यायालयांचा प्रश्न आहे. परंतु ‘गो फर्स्ट’चा कारभार सदोष होता, एवढे म्हणून विषय संपत नाही. कारण व्यवस्थापनाच्या शिस्तीसाठी नावाजलेल्या इंडिगोलाही हाच फटका बसला. १२ मार्च २०१८ रोजी अहमदाबादहून लखनौला निघालेले तिचे विमान हवेत एक इंजिन बंद पडल्याने माघारी परतले. त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या प्रकारची इंजिने असलेली इंडिगोची ८ आणि गोएअरची ३ विमाने उड्डाणास मना केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडिगोला तिच्या ९७ निओ विमानांवरील इंजिने मुदतीत बदलण्याचा आदेश निघाला. २०२४ च्या प्रारंभी तर या कंपनीची सत्तरहून अधिक विमाने उभी होती. समर्थ आणि दुर्बल असे दोन्ही ग्राहक एकाच दुखण्याने बेजार झाले, तेव्हा त्या दुखण्याचे मूळ ग्राहकाच्या घरात शोधून भागत नाही.

हे इंजिन म्हणजे अभियांत्रिकीचे मोठे साहस होते, हे मान्य केले पाहिजे. जेट इंजिनाचा पुढचा पंखा संथ फिरला तर इंधन वाचते. मागचे टर्बाइन वेगाने फिरले तर त्याची कार्यक्षमता वाढते. दोहोंना एकाच दांड्यावर बांधले की कोणाला तरी मन मारावे लागते. प्रॅटने मधे गिअर बसवून टर्बाइनच्या सुमारे तीन फेऱ्यांमागे पंख्याची एक, असे प्रमाण साधले. इंधनात सुमारे १६ टक्के बचत होईल, असे आश्वासन दिले गेले. ज्या धंद्यात इंधन हाच सर्वांत मोठा खर्च, तिथे अशा आश्वासनाची मोहिनी पडणारच. जानेवारी २०१६ मध्ये हे इंजिन प्रवासी सेवेत आले आणि लगोलग भारतातही दाखल झाले.

ज्या गिअरविषयी तज्ज्ञ साशंक होते, तो टिकला. दगा दिला तो ज्यांविषयी फारशी चर्चा नव्हती, अशा भागांनी. कधी सील बिघडले, कधी ज्वलनकक्ष लवकर झिजला, कधी टर्बाइनची पाती तुटली. शेवटी जुलै २०२३ मध्ये उत्पादकाने जे जाहीर केले, त्याने जगभरच्या विमान कंपन्या हादरल्या. २०१५ ची अखेर ते २०२१ या काळात घडवलेल्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी राहिली होती आणि त्या भुकटीपासून बनलेल्या चकत्यांना वेळेआधीच तडे जाण्याचा धोका होता. ही चकती मिनिटाला हजारो फेऱ्या घेते. ती फुटली तर तिचे तुकडे इंजिनाचे कवच भेदून बाहेर पडू शकतात. म्हणून ६०० ते ७०० इंजिने विमानांवरून उतरवून तपासण्याचे ठरले. एका इंजिनाला उतरवण्यापासून परत चढवण्यापर्यंत २५० ते ३०० दिवस लागतील, असा कंपनीचाच अंदाज होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी जगातील शेकडो विमाने जागच्या जागी थांबवली.

येथे सुरक्षितता आणि सेवेची विश्वासार्हता या दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये. सुरक्षिततेच्या कसोटीवर आजचे जेट इंजिन हा मानवी कर्तृत्वाचा उत्तुंग नमुना आहे. दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून तीन तासांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून जाण्याची मुभा हवी असेल, तर हवेत इंजिन बंद पडण्याचे प्रमाण ५० हजार इंजिन-तासांत एकापेक्षा अधिक असून चालत नाही. भारतातही बिघाड झाले तेव्हा दुसऱ्या इंजिनाने, वैमानिकांच्या प्रशिक्षणाने आणि महासंचालनालयाने उशिरा का होईना उगारलेल्या बडग्याने आपले काम केले. या बिघाडांपायी देशात प्राणहानी झाली नाही. पण प्रवासी सुखरूप उतरला म्हणजे सेवा विश्वासार्ह ठरली, असे नव्हे. रद्द झालेली उड्डाणे, अडकलेले भाड्याचे पैसे, थकलेले पगार आणि रस्त्यावर आलेले कर्मचारी यांची नोंद कोणत्याही सुरक्षा अहवालात होत नाही. ती किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या भुकटीशी काडीचाही संबंध नव्हता.

या प्रकरणातून भारताने घ्यायचा बोध इथेच आहे. दोष अमेरिकेतील कारखान्यात निर्माण झाला, पण देशातील प्रवाशाला तो जाणवला रांगेच्या रूपाने. मोठ्या दुरुस्तीची कार्यशाळा परदेशात, सुटे भाग परदेशात आणि कोणाचे इंजिन आधी हाती घ्यायचे हा निर्णयही परदेशात. शिवाय भारताचे उष्ण आणि धुळीने भरलेले हवामान इंजिनाच्या तप्त भागांचे आयुष्य घटवते, म्हणजे दुरुस्तीची गरज इथे लवकर लागते. ज्याला गरज अधिक, त्याच्याच दारी कार्यशाळा नाही! इंडिगोने २०१९ मध्ये २८० विमानांसाठी सीएफएम कंपनीची इंजिने निवडली, हा व्यवहारी शहाणपणा होता. मात्र त्या इंजिनांच्याही तप्त भागात अशा हवामानासाठी सुधारणा कराव्या लागल्याच. दुकान बदलल्याने ग्राहकाचे परावलंबन संपत नाही.

हे परावलंबन केवळ गैरसोयीचे नाही. चीनने स्वतःचे सी-९१९ हे प्रवासी विमान बांधले आणि २०२३ मध्ये सेवेत आणले, पण त्याचे इंजिन पाश्चात्त्यच राहिले. २०२५ च्या मे महिन्यात व्यापारी संघर्षात अमेरिकेने त्या इंजिनांची निर्यात रोखली आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा खुली केली. चीनसारख्या बलाढ्य देशाच्या विमानाची नाडी जर अशी दुसऱ्याच्या हाती असेल, तर भारताने स्वतःविषयी भ्रमात राहण्याचे कारण नाही. भारताचा अनुभवही कडूच आहे. लढाऊ विमानासाठी १९८९ साली मंजूर झालेला ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प अपेक्षित शक्ती गाठू न शकल्याने २००८ मध्ये ‘तेजस’पासून वेगळा करावा लागला. पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असलेल्या वायूत ते पाते वर्षानुवर्षे टिकवणे, ही विद्या घोषणांनी येत नाही. ती मिळते पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगांतून आणि अपयश पचवण्याच्या धीरातून.

म्हणून पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतील. पहिली पायरी दुरुस्तीची. विमान दुरुस्ती सेवेवरील १८ टक्के कर २०२० मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला. २०२४ मध्ये आयात सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्के दर लागू झाला. त्याची फळे दिसू लागली आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादेत फ्रान्सच्या साफ्रान कंपनीच्या इंजिन दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे १,३०० कोटी रुपयांच्या या केंद्राची क्षमता २०३५ पर्यंत वर्षाला ३०० इंजिनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. केंद्र परकीय कंपनीचे आहे, याचा विसर पडू नये. पण तिथे हजारभर भारतीय तंत्रज्ञांचे हात जे इंजिन उघडतील, त्याची दुखणीही तेच ओळखू लागतील. दुसरी पायरी कराराची. विमाने शेकड्यांनी मागवणाऱ्या भारतीय कंपन्यांनी केवळ किमतीत सवलत न मागता राखीव इंजिने, दुरुस्तीची कमाल मुदत आणि ती चुकल्यास भरपाई ही कलमे आधी लिहून घेतली पाहिजेत. तिसरी पायरी धातुशास्त्राची. ती सर्वांत अवघड आहे आणि तिच्यासाठी निधी एका अर्थसंकल्पापुरता नव्हे, तर दोन-तीन दशकांसाठी लागेल.

विमानांच्या ऑर्डरींचे आकडे वाचून छाती फुगवणे सोपे आहे. परंतु विमानाच्या शेपटीवर कोणाचे नाव रंगवले आहे, यावरून देशाची हवाई शक्ती ठरत नाही. बिघडलेले इंजिन किती दिवसांत आणि कोणाच्या हातून पुन्हा पंखाखाली चढते, यावरून ती ठरते. गो फर्स्टच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या नोकऱ्या गमावून हा धडा विकत घेतला आहे. तो देशाने फुकट घालवू नये.