सातबाऱ्यावर नसलेला गाव

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाचे काम अडवले. वीज हवी होती मुंबईला, तिथल्या गिरण्यांना आणि रेल्वेला. पाण्याखाली जाणार होती नीला-मुळेच्या खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावे. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी उभा केलेला हा लढा 1924 पर्यंत चालला आणि शेवटी हरला. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला आणि 1927 मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

मुळशीची आठवण आपण शौर्यासाठी काढतो, ते योग्यच आहे. पण त्या लढ्यातली एक कडू गोष्ट आज जास्त उपयोगाची आहे. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि ती कसणारे मावळे कुळे होती. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तसे मालकाचे आणि कसणाऱ्याचे हित फुटले. ज्याच्या हातात पैसे पडणार होते त्याचे घर बुडत नव्हते. ज्याचे घर, भातखाचर आणि गावदेव बुडत होता त्याची सही कोणालाच लागत नव्हती. सौर प्रकल्पासाठी गावात मोजणी सुरू होते तेव्हा नेमकी हीच गाठ पुन्हा समोर येते.

आधीच सांगितले पाहिजे की ही वीज महाराष्ट्राला हवी आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला जाणारा शेतकरी साप आणि बिबट्या दोन्हींना सामोरा जातो. त्याला दिवसा वीज देणे हे उपकाराचे काम नव्हे, ते राहून गेलेले कर्तव्य आहे. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 चा तिचा दुसरा टप्पा याच हेतूने आला. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 2024 मध्ये दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला, अवघा 3 मेगावॅटचा. या टप्प्याचे लक्ष्य मात्र 16,000 मेगावॅट आहे. एका मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर जागा लागते. हिशेब 64,000 ते 80,000 एकरांवर जातो. एवढ्या जमिनीचा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोपवता येत नाही.

धरणाने विस्थापित झालेल्यांना निदान सरकारशी भांडता आले. कोयनेची माणसे ठाणे, कुलाबा, सांगली, सोलापूर अशी विखुरली, त्यांच्या हालअपेष्टांमधून चळवळी उभ्या राहिल्या आणि 1976 मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला, देशात सर्वांआधी. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने पुढचे पाऊल टाकले. खासगी प्रकल्पासाठी सरकार जमीन घेणार असेल तर 80 टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांची तपासणी बंधनकारक झाली.

सौर प्रकल्प या दोन्ही वाटांना बगल देऊन जातो. जमीन संपादित होत नाही, भाडेपट्ट्याने घेतली जाते. त्यामुळे 2013 चा कायदा लागत नाही. पर्यावरणीय मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेतून सौर प्रकल्प मोकळे आहेत, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. धूर नाही, राख नाही, म्हणून ही सूट दिली गेली आणि तेवढ्यापुरती ती समजण्यासारखी आहे. पण जनसुनावणी ही गावाला बोलायला मिळणारी जवळजवळ एकमेव कायदेशीर जागा होती, आणि सुटीबरोबर ती जागाही गेली. आता गावाशी बोलायचे की नाही हे बहुतांशी विकासकाच्या मर्जीवर आहे.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातला पावगडा प्रकल्प नीट पाहावा असा आहे. सततच्या दुष्काळाने पिचलेल्या पाच गावांतली सुमारे 13,000 एकर जमीन राज्याच्या सौरउद्यान कंपनीने विकत न घेता भाड्याने घेतली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला 21,000 रुपये, आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. 2,050 मेगावॅटचा हा प्रकल्प उभा राहिला आणि भूसंपादनाच्या रक्तरंजित इतिहासात अशी शांत उभारणी विरळाच. ज्याच्याकडे वीस एकर कोरडवाहू होती त्याचे आयुष्य सुधारले.

ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याचे काय झाले? भुईमुगाच्या काढणीची मजुरी बंद झाली. चराईची जमीन कुंपणात गेली आणि लोकांनी शेळ्या-मेंढ्या विकल्या. पॅनेल धुण्याचे, गवत काढण्याचे आणि पहाऱ्याचे काम काहींना मिळाले, पण शेत जेवढ्या हातांना काम देते तेवढ्यांना सौर प्रकल्प कधीच देत नाही. करार जमीनमालकांशी झाले होते आणि त्यांच्यापुरते ते बरेच न्याय्य होते. गावाशी करार झालाच नव्हता.

महाराष्ट्रात ही अडचण गायरानावर सर्वात टोकदार होते. योजनेत सरकारी जमिनीला साहजिकच पसंती मिळते, कारण तिथे मालक एकच. पण मराठवाड्यातली गायराने रिकामी नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून दलित कुटुंबांनी ती कसायला घेतली आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाने ठरवले, तरी असंख्य कुटुंबांचे नाव उताऱ्यावर आजही चढलेले नाही. धनगरांचे वाडे दरवर्षी याच माळांवरून जातात. महसुली नजरेला हे दिसत नाही, कारण ती नजर 1830 च्या दशकात इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीतून घडली. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती सरकारच्या लेखी निरुपयोगी. माळढोक पक्ष्याचे घरही या हिशेबात पडीक ठरते.

म्हणून प्रकल्पाची जागा ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकात कोण असावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आज जागा ठरते ती ऊन, उतार आणि उपकेंद्रापासूनचे अंतर पाहून. गवताळ प्रदेश जाणणारा जीवशास्त्रज्ञ आणि गावाच्या उपजीविकेचा अभ्यास केलेला माणूस आलाच तर नंतर येतो, अहवालाची पाने भरायला. दोघेही जागा ठरवणाऱ्या पहिल्या फेरीतच हवेत, कारण गावाशी बोलण्याचा उपयोग आराखडा कागदावर येण्याआधीच असतो. पॅनेलची खालची कड जमिनीपासून किती उंच ठेवायची हे एकदा ठरले, खांब ठोकले गेले, की पुन्हा बदलत नाही. ती पुरेशी उंच असेल तर खाली मेंढ्या चरू शकतात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चरतातही, आणि विकासकाचा गवत कापण्याचा खर्च वाचतो. पाणंद कुंपणाच्या आत जाते की बाहेर राहते, जुना ओढा बुजवला जातो की वाहता ठेवला जातो, पॅनेल धुवायला कोणत्या विहिरीचे पाणी जाते, हे सगळे तेव्हाच ठरते. गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बाईला यातली जी माहिती असते ती उपग्रहाच्या नकाशावर सापडत नाही.

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल 3 टक्के वाढ आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी 5 लाख रुपये मिळतात. पावगड्याच्या मानाने ही तजवीज उदार आहे, आणि ग्रामपंचायतीचा वाटा हा चांगला पायंडा आहे. पण प्रकल्प पंचवीस वर्षे चालतो आणि वाटा तीन वर्षांत संपतो. तो प्रकल्पाच्या आयुष्यभर मिळावा, आणि त्यातला ठरलेला भाग भूमिहीनांच्या आणि पशुपालकांच्या नावे राखला जावा. कुंपण घालण्याआधी कसणाऱ्यांची आणि चारणाऱ्यांची यादी ग्रामसभेने करावी, तलाठ्याच्या दप्तरातून ती उतरवून घेऊ नये. भाडेपट्ट्याचा करार मराठीत असावा आणि ग्रामसभेत शेवटच्या कलमापर्यंत वाचला जावा. मुदत संपल्यावर खांब कोण उपटणार, जमीन कोण पूर्ववत करणार आणि त्यासाठीची रक्कम आजपासूनच कोणत्या खात्यात जमा होणार, हे त्या शेवटच्या कलमात आकड्यानिशी लिहिलेले असावे.