नावं ठेवणारी माणसं

दुसऱ्याला नावं ठेवणं हा आपल्याकडचा सर्वांत जुना गृहोद्योग असावा. त्याला भांडवल लागत नाही, जागा लागत नाही, परवानाही लागत नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली संध्याकाळी जो कट्टा भरतो, त्यात सात ते आठ या वेळात किमान वीस जणांना नावं ठेवून होतात. 'याचा उपयोग काय?' असं तिथे कधी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझी भाची मात्र खरोखरची नावं ठेवते. म्हणजे ज्यांना नावच नाही अशा जिवांना शोधून, निरखून, त्यांचे केस मोजून रीतसर नाव देते. आणि तिला हा प्रश्न दूधवाल्यापासून मुलाखतीच्या समितीपर्यंत सगळे विचारतात. आज मला त्या प्रश्नाशीच दोन हात करायचे आहेत.

तिचे हे जीव म्हणजे मातीतले माइट. गोचिडीचे भाऊबंद, कोळ्याचे लांबचे नातलग. पाय आठ, अंग बहुतेकांचं एक मिलिमीटरच्याही आत. मराठीत यांना धड नाव नाही. पिकावर पडतो त्याला शेतकरी 'लाल कोळी' म्हणतो, कारण तो नुकसान करतो. आपण फक्त त्रास देणाऱ्यालाच ओळखतो, हे माणसांच्या बाबतीतही खरंच आहे म्हणा. यांच्यातला एकच आपल्या लाडाचा: मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर निघणारा तो लाल मखमली जीव आपण काडेपेटीत घालून शाळेत नेलेला असतो. तो किडा नाही, माइट आहे, हे मला साठी उलटल्यावर भाचीकडून कळलं.

मध्यंतरी ती दोन महिने आमच्याकडे राहायला होती. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातलं नरसाळं पळवलं. त्यावर चाळण, चाळणीवर माती, वर दिवा आणि खाली अल्कोहोलची बाटली. दिव्याच्या उष्णतेने माती वरून सुकत जाते, माइट ओलाव्याच्या मागे खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. ही युक्ती 1905 साली आंतोनिओ बर्लेझे या इटालियन गृहस्थांनी काढली, आणि पुढे तुलग्रेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला विजेचा दिवा जोडला. शतक उलटलं तरी जगभर तीच चालते. अडचण एवढीच, की हल्लीचे एलईडी दिवे तापत नाहीत. तेव्हा जुना चाळीसचा बल्ब शोधत मी तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्या दुकानदाराने विचारलंच, "याचा उपयोग काय?"

माती होती आमच्या तुळशीतली. चार दिवसांनी भाचीने सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून जाहीर केलं, "मामी, तुमच्या तुळशीत नऊ प्रकार आहेत!"

"माझ्या तुळशीत किडे नाहीत," मामी.

"किडे नाहीतच ते. किड्यांना सहा पाय असतात, यांना आठ."

"म्हणजे वर आणखी दोन!" असं म्हणून मामी तडक गॅलरीत गेली.

पण पाहायला मीही बसलो आणि अडकलो. एक जण धोका वाटला की पाय पोटाशी घेऊन पेटीसारखा मिटतो. एकाच्या डोक्यावर दोन कपांतून दोन लांब केस निघालेले. हवेचा हेलकावा त्याला त्यांनीच कळतो. यांच्या गोत्रातला एक माइट स्वतःच्या वजनाच्या हजार पटींहून जास्त ओढ सहन करतो, हे 2007 साली मोजून झालं आहे. मला वर्तमानपत्रांची रद्दी खाली नेताना धाप लागते. यांच्यातल्या कित्येकांचं खाणं म्हणजे बुरशी आणि कुजका पाला. जंगलातल्या पाल्याची माती होते, त्यात यांचा हात असतो. हात म्हणजे आठही पाय. आणि हा उद्योग ते चाळीस कोटी वर्षांपासून करत आहेत. स्कॉटलंडमध्ये तेवढ्या जुन्या दगडात यांचे अवशेष मिळाले आहेत.

आता यांना नाव द्यायचं म्हणजे आपल्या बारशासारखं नव्हे, की आत्याने कानात सांगितलं आणि पेढे वाटले. जीव आधी लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करायचा. मग काचेवर चढवायचा. मग अंगावरचा एकेक केस मोजायचा, पायांवरचे सुद्धा. प्रत्येक केसाला वेगळं नाव असतं. (माझ्या डोक्यावर हे काम लवकर आटोपलं असतं.) मग शंभर वर्षांपूर्वीची जर्मन, इटालियन वर्णनं काढून ताडून पाहायचं, की हा आधीच कोणाला सापडला तर नव्हता? कारण पहिलं नाव तेच खरं, असा नियम आहे. शंका आली की युरोपातल्या संग्रहालयातला मूळ नमुना मागवायचा. एवढ्यानंतर चित्रं, वर्णन, छपाई. एका जातीमागे महिने जातात, कधी वर्षंही. नाव देण्याची मौज तेवढी शेवटी. ऑस्ट्रेलियातल्या एका माइटचं तोंड 'स्टार वॉर्स'मधल्या काळ्या शिरस्त्राणवाल्या खलनायकासारखं दिसलं, म्हणून 1996 साली त्याचं कुळच 'डार्थव्हेडरम' ठरलं. आतापर्यंत पन्नास हजारांवर माइट जातींची बारशी झाली आहेत, आणि उरलेल्या कितीतरी पट जास्त आहेत असा जाणकारांचा अंदाज आहे.

एवढं काम करणारी ही मुलगी गेल्या वर्षी एका ठिकाणी मुलाखतीला गेली. समितीतल्या एकांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "ते ठीक आहे हो. पण उपयोग काय?" दुसऱ्यांनी तिचे निबंध ज्या मासिकांत आले त्यांचे 'इम्पॅक्ट फॅक्टर' विचारले. जागा भरली गेली. ती हिला मिळाली नाही.

समितीच्या त्या सभ्य गृहस्थांना मी इथूनच उत्तर देतो. साहेब, 2018 साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली, माणसं दगावली. तो ताप पसरवतात मृगाच्या किड्याच्या चुलत घराण्यातले माइट. त्यांची पिल्लं उंदरांना आणि माणसांना चावतात, मोठे झाले की मातीत राहतात. चावणारं पिल्लू दिसायला ठिपक्याएवढं, आणि दिसायला सारख्यातला कोणता ताप देतो नि कोणता निरुपद्रवी, हे सांगायला केस मोजणाराच लागतो. साथ आल्यावर त्याला शोधायला निघायचं, तर आधी कुठेतरी नोकरीला ठेवलेला बरा.

दुसरी गोष्ट धंद्याची. कुंड्यांतल्या, हरितगृहांतल्या चिलटांच्या अळ्या खाणारा एक शिकारी माइट परदेशांत बाटलीत भरून विकतात. वर्षानुवर्षं तो एका नावाने विकला गेला. 2003 साली दोन माइटतज्ज्ञांनी नीट पाहिलं, तर बाटलीतला प्राणी भलत्याच जातीचा निघाला. औषधाच्या दुकानात चिठ्ठी एकाची नि गोळी दुसऱ्याची मिळाली, तर आपण पोलिसांत जातो की नाही?

"पण आता डीएनएची यंत्रं आहेत की!" असं आमच्या शेजाऱ्यांचा इंजिनियर मुलगा म्हणाला. आहेत बाबा. पण यंत्र नुसती अक्षरांची ओळ देतं. ती ओळ कोणाची, हे सांगायला आधी कोणीतरी तो जीव हातात घेऊन ओळखलेला असावा लागतो. टेलिफोन डिरेक्टरीत फक्त नंबर छापले आणि नावं गाळली, तर ती रद्दीच झाली.

राहिला 'इम्पॅक्ट फॅक्टर'. नव्या जातींची वर्णनं छापणारं 'झूटॅक्सा' नावाचं मोठं मासिक आहे. त्यातले लेख त्याच मासिकातल्या लेखांचे दाखले फार देतात, म्हणून 2020 साली त्याचा हा आकडाच काढून घेतला. अहो, जाती तिथेच छापल्या जातात, तर दाखले काय 'चांदोबा'तले द्यायचे? जगभरच्या मंडळींनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे काही आठवड्यांत आकडा परत मिळाला. असल्या आकड्यावर माणूस तोलायचा, म्हणजे भाजीच्या काट्यावर हवा मोजण्यासारखं आहे.

समितीची बाजूही मी ऐकून घेतो. पैसा थोडा आहे, कामं पुष्कळ आहेत, आणि माझ्या भाचीच्या नऊ प्रकारांतले आठ कोणाच्याही उपयोगी पडणार नाहीत, हे अगदी शक्य आहे. पण नववा कोणता, ते नऊही ओळखल्याशिवाय कसं कळणार? आपल्या जैवविविधता कायद्यात, 2002 सालच्या, अशी तरतूद आहे, की नवी जात सापडली तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवावं आणि नमुना तिथे जमा करावा. नमुना कुठे ठेवायचा हे ठरलं आहे. नमुना ओळखणारीला कुठे ठेवायचं, तेवढं ठरायचं आहे.

भाची आता एका औषध कंपनीत आहे. दिवसभर दुसऱ्यांचे अहवाल तपासते. पगार चांगला आहे, आणि 'उपयोग काय?' असं तिथे कोणी विचारत नाही, ही तिची तक्रार आहे. तिची काचपट्ट्यांची पेटी आमच्या कपाटात असते. महिन्यातून एखाद्या रविवारी येते, जुना बल्ब लावते, केस मोजत बसते. तुळशीतल्या नऊपैकी एक बहुधा अजून कोणी नाव न दिलेला आहे. पण खात्री करायला बरेच रविवार लागतील.

परवा तिचा फोन आला. मी काही बोलायच्या आत मामीने फोन हातातून ओढून घेतला.

"अगं, ते आपल्या तुळशीतलं बाळ," ती म्हणाली, "बिननावाचं किती दिवस ठेवायचं?"