कुलूप लागले आहे का, हे केव्हा पाहायचे?

रुग्णांचे तपासणी अहवाल, जनुकीय माहिती, विम्याची कागदपत्रे आता मोठ्या प्रमाणात क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर असतात. तिथे एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालतात आणि त्यांचा कारभार ‘हायपरव्हायजर’ हे सॉफ्टवेअर पाहते. डिस्कवरची माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवता येते. पण काम सुरू असताना ती मेमरीत उघडी असते. हायपरव्हायजरवर ताबा मिळवणारा ती वाचू शकतो.

यावर उपाय म्हणून प्रोसेसरच मेमरी कुलूपबंद करतो. एएमडीचे ‘एसईव्ही’ तंत्र २०१७च्या एपिक प्रोसेसरबरोबर आले. इंटेलचे ‘टीडीएक्स’ नंतर आले. प्रश्न असा, की ही सोय आहे की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टीमने केव्हा तपासावे?

उशीर करून चालत नाही. एएमडीच्या पद्धतीत मेमरीचे पान सांकेतिक आहे की नाही, हे पानांच्या तक्त्यातील एक बिट ठरवतो. तक्ते मांडण्याआधीच त्या बिटची जागा कळायला हवी. म्हणून लिनक्स ही तपासणी सुरुवातीच्या टप्प्यातच करते.

पण घाईतही अडचण आहे. त्या क्षणी चूक हाताळण्याची यंत्रणा पुरती उभी नसते. शिवाय प्रोसेसरची क्षमता विचारणाऱ्या ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेचे उत्तर हायपरव्हायजर बदलू शकतो. ज्याच्या भीतीने कुलूप घेतले, त्यालाच ‘कुलूप लागले का?’ असे विचारण्यासारखे हे आहे. म्हणून एएमडीने एक वेगळे रजिस्टर दिले. आभासी संगणक ते वाचतो तेव्हा हायपरव्हायजरला मध्ये येता येत नाही. पुढच्या ‘एसएनपी’ आवृत्तीत सीपीयूआयडीची उत्तरेही प्रोसेसरचे फर्मवेअर तपासून देते. आपल्याला न झेपणारे सुरक्षा वैशिष्ट्य चालू दिसले, तर लिनक्स तिथेच थांबते. अर्धवट संरक्षणात पुढे जाण्यापेक्षा ते बरे.

तरीही आतून केलेली तपासणी पुरेशी नाही. हायपरव्हायजर संरक्षणाविनाच, बदललेली सिस्टीम सुरू करून सारे आलबेल असल्याचे भासवू शकतो. त्यामुळे प्रोसेसरने स्वाक्षरी केलेला दाखला बाहेरून पडताळल्याशिवाय माहितीची किल्ली देऊ नये. तपासणी लवकर, विश्वास मात्र दाखल्यानंतर, हाच क्रम योग्य. क्लाउड निवडणाऱ्या रुग्णालयांनी ‘सोय आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘दाखला कोण तपासतो?’ हेही विचारायला हवे.