पाऊण तासाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि नांदेडचा विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर आहे. प्रादेशिक मार्गांवरील पंख्याची विमाने ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. चढणे-उतरणे धरून हा प्रवास पाऊण तासाचा होतो. रेल्वेला चार-साडेचार तास लागतात. हे दोन आकडे शेजारी मांडून मराठवाड्याचा विकास विमानानेच होईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा निष्कर्ष फसवा आहे.

कारण हा पाऊण तास धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा आहे. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीहून नांदेडला विद्यापीठाच्या कामासाठी निघालेल्या विद्यार्थ्याचा हिशेब करू. एसटीने शहर व तेथून चिकलठाणा गाठण्यास दोन तास, तपासणीसाठी एक तास, उड्डाणाचा पाऊण तास, उतरून शहरात पोचण्यास अर्धा तास; एकूण सव्वाचार तास. हाच विद्यार्थी लासूर स्टेशनावर गाडीत बसला, तर घरापासून सहाएक तासांत नांदेडला पोचतो. वाचले पावणेदोन तास. तेही त्या दिवशी विमान असेल तर!

दुसरा प्रश्न खर्चाचा. उड्डाण घेताना जळणारे इंधन, उतरण्याचे शुल्क, जमिनीवर थांबण्याचा वेळ यांचा भार २०० किलोमीटरच्या प्रवासालाही ८०० किलोमीटरइतकाच पडतो. म्हणून अंतर जितके कमी, तितका दर किलोमीटरचा खर्च अधिक. असे मार्ग अनुदानावाचून क्वचितच तगतात. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबादही होता. हवाई चप्पल घालणारा विमानात बसेल, असे तेव्हा सांगण्यात आले. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने काय दाखविले? योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सवलतीची तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले केवळ ५४. शंभरातले सात!

आणि कर कोणाला माफ झाला? या योजनेतील विमानतळांवर इंधनावरील मूल्यवर्धित कर दहा वर्षांसाठी एक टक्का वा त्याहून कमी ठेवण्याची अट राज्यांनी मान्य केली. एसटीच्या तिकिटावर मात्र याच महाराष्ट्राने वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल केला. उभ्याने प्रवास करणाऱ्या शेतमजुरावर कर आणि बसून उडणाऱ्यास सवलत, याला नियोजन म्हणत नाहीत; हा वर्गीय पक्षपात आहे.

आमचे विमानाशी वैर नाही. वैर आहे ते अग्रक्रमाच्या उलटापालटीशी. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्याने रुंद रेल्वेमार्गासाठी लढा दिला, कारण त्या रुळांवरून कापूसही जातो आणि कापूस वेचणारीही जाते. तीच कसोटी आज लावली पाहिजे. मनमाड–परभणी मार्गाचे दुहेरीकरण त्वरेने पुरे करा, लहान स्थानकांवर गाड्या थांबवा, एसटीवरील प्रवासी कर रद्द करा, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगाव जावे. आणि जाताना प्रत्येक गावाला एकच विचारावे : तुमच्या दारापासून मोजले, तर पाऊण तासात तुम्ही कोठवर पोचता?