वयाची अट गेली. आता वेळ कोण ठरवणार?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला आज वयाची कमाल मर्यादा नाही. सतरा वर्षे पूर्ण झाली की पुढे कोणत्याही वर्षी बसा, कितीही वेळा बसा, नियम अडवत नाही. ही साधी माहिती आमच्या वस्त्यांत अजून नीट पोहोचलेली नाही, असा आमचा अनुभव आहे. रुग्णालयात कंत्राटावर राबणारी परिचारिका, मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला बी.एस्सी., बारावी सायन्सची मार्कशीट लग्नानंतर ट्रंकेत ठेवून दिलेली भगिनी, अशी माणसे आम्हाला भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वकीलसाहेब, तिशी उलटली, आता चालतं का?’ चालते. पण चालते तर बसायचे केव्हा, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आधी ही अट आली कशी आणि गेली कशी, ते पाहू. २२ जानेवारी २०१८ रोजी तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने अधिसूचना काढली आणि खुल्या वर्गासाठी २५ वर्षे, तर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अपंगांसाठी ३० वर्षे अशी मर्यादा घातली. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे नोव्हेंबर २०१८ मध्ये अंतरिम आदेश झाला की पंचविशीपुढच्यांना २०१९ च्या परीक्षेला बसू द्या, प्रवेश मात्र अंतिम निकालाच्या अधीन राहील. म्हणजे तीन-साडेतीन वर्षे हजारो उमेदवार टांगत्या तलवारीखाली अभ्यास करत होते. शेवटी परिषदेची जागा घेतलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत मर्यादा काढण्याचे ठरवले आणि मार्च २०२२ मध्ये तसे पत्र काढले.

इथे वकील म्हणून एक गोष्ट नोंदवणे आम्हाला भाग आहे. ही मर्यादा काढली ती आयोगाने. संसदेने कायदा करून ‘कोणत्याही वयात वैद्यकीय शिक्षण घेता येईल’ असा हक्क दिलेला नाही. ज्या लेखणीने अट घातली त्याच जातीच्या लेखणीने ती काढली, आणि उद्या पुन्हा घालायला तिला कोणी मज्जाव केलेला नाही. म्हणून ‘बघू दोन-चार वर्षांनी, आता तर वयाची अट नाहीच’ असे म्हणणाऱ्यांनी फार निर्धास्त राहू नये.

पंचवीस आणि तीस यांतल्या पाच वर्षांच्या फरकाला त्यावेळी ‘सवलत’ म्हटले गेले. आमचा त्या शब्दालाच आक्षेप होता. आमचा उमेदवार उशिरा येतो तो आळसाने येतो काय? १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हाचा मराठवाडा आठवा. त्याआधी पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण घाटी म्हणतो, ते १९५६ साली सुरू झाले. म्हणजे आज तिशीत असलेल्याचा आजोबा शाळेच्या दारात पोहोचला तोच मुळी उशिरा. त्या उशिराची भरपाई नातवाच्या पिढीत पाच वर्षांत होते, हे गणित कोणी मांडले? घरातली पहिली मुलगी बारावी सायन्स करते, मार्क असूनही नर्सिंगला जाते, कारण तीन-साडेतीन वर्षांत पगार सुरू होतो. त्या पगारावर धाकटे दोन भाऊ शिकतात, मग तिचे लग्न होते, मग मूल. डॉक्टर होण्याचा विचार तिच्या डोक्यात अठराव्या वर्षीही होता. त्याला जागा मिळते ती बत्तिसाव्या वर्षी.

हे काही आजचेच नाही. डॉ. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिल्यामुळे १८८४ ते १८८८ अशी चार वर्षे त्यांची कोर्टकचेरीत गेली. त्यानंतर १८८९ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. गेल्या तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांची ती चार वर्षे खाल्ली ती न्यायव्यवस्थेने आणि समाजाने. २०१८ ची पंचविशीची अट तेव्हा असती तर खटला आणखी एक-दोन वर्षे लांबताच त्यांच्यासाठी लंडनचे दार बंद झाले असते.

मात्र ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडते ते बाबासाहेबांच्या चरित्रात. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. परतताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. दार उघडे आहे याची कागदोपत्री खात्री केली. मग नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. झाले. परवानगी हातात असतानाही ते रिकाम्या खिशाने धावत सुटले नाहीत, आणि ‘अजून चार वर्षे आहेत’ म्हणून रेंगाळलेही नाहीत. आमच्या लोकांनी बाबासाहेबांच्या पदव्या पाठ केल्या, मधल्या सोळा-सतरा महिन्यांच्या नोकरीकडे लक्ष दिले नाही.

तेव्हा आजच्या उमेदवाराची तयारी कशी असावी? आमच्या मते पहिला क्रमांक पुस्तकाचा नाही, फाईलचा आहे. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि मराठवाड्यातल्या बौद्धांसाठी ही वाट अजूनही काट्याची आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्या तारखेच्या दोन वर्षे आधीपर्यंत इथे निजामाचे राज्य होते. जुने दप्तर उर्दूत. शाळेत नाव असलेला आजोबा दहा घरांत एक. बरे, १९५६ नंतर शाळेच्या दाखल्यावर अनेकांनी अभिमानाने ‘बौद्ध’ एवढेच लिहिले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले खरे, पण ते मिळवायचे तर जी जात नागपूरला टाकून आलो तिचाच कागद शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसावे लागते. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरे उपसली. आमची त्याला हरकत नाही. पण आमची माणसे तीच दप्तरे वर्षानुवर्षे स्वतःच्या खर्चाने उपसत आहेत, त्यांच्यासाठी कोणाला समिती सुचली नाही!

वयाने मोठ्या उमेदवाराची एक वेगळीच अडचण होते. बारावीच्या विद्यार्थ्याचा पडताळणीचा अर्ज सहसा त्याच्या महाविद्यालयामार्फत जातो. तेहतीस वर्षांच्या माणसाने कोणत्या महाविद्यालयाचा शिक्का आणायचा? अशाने आपल्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी ‘या, बघू’ वर विश्वास ठेवू नये. वडील, सख्खा भाऊ, चुलता यांच्यापैकी कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती पहिल्या पानावर लावावी. रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र फसवणुकीने मिळवलेले नसेल तर समितीने ते सहसा मानावे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच दिला आहे. दक्षता पथकाची गृहचौकशी लागली तर महिने जातात. म्हणून व्हॅलिडिटी हातात नसताना ‘नीट’ला बसणे म्हणजे मार्क मिळवून जागा गमावण्याची तयारी करणे होय. ‘नीट’चे मार्क त्या एका वर्षापुरतेच चालतात, हे विसरू नका. मधल्या वर्षांचे गॅपचे प्रतिज्ञापत्र हा मात्र कोर्टाच्या आवारातला एका दिवसाचा मामला आहे, त्याची धास्ती नको.

ज्यांनी बारावीला गणित घेतले, जीवशास्त्र सोडले, त्यांच्यासाठीही वाट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केले की बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेला उमेदवारही पात्र आहे. पण त्यात एक वर्ष जाते. ते हिशेबात धरावे.

आता वयाचा हिशेब. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक, म्हणजे साडेपाच. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत शिरण्याची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे ज्याला शासकीय वैद्यकीय अधिकारी व्हायचे आहे त्याने छत्तिशीच्या आत प्रवेश घेतला पाहिजे, आणि पुढे एम.डी.ची तीन वर्षे करूनच सेवेत शिरायचे तर तेहतिशीच्या आत. परीक्षेच्या दारावरची पाटी निघाली, नोकरीच्या दारावरची जागेवरच आहे. आपल्या वस्तीत स्वतःचा दवाखाना टाकणाऱ्याला ही पाटी लागू नाही. त्याने चाळिशीत प्रवेश घेतला तरी सत्तरीपर्यंत रुग्ण तपासेल. त्यात कोणाचे काय बिघडते? ‘वयस्कर माणूस जागा अडवतो’ असे म्हणणाऱ्यांनी, सरकारी जागेवर शिकून परदेशी जाणाऱ्या तरुणांची वर्षे मोजल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

२०२० साली ओडिशातले चौसष्ट वर्षांचे निवृत्त बँक अधिकारी जय किशोर प्रधान यांना बुर्ला येथील सरकारी महाविद्यालयात एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. त्यांचे अभिनंदनच आहे. पण त्यांच्यामागे नोकरीची पुंजी होती. आमच्या बत्तिशीतल्या कंत्राटी परिचारिकेने सहा महिने रजा घेतली तर तिचे कंत्राटच जाते. प्रेरणेची उदाहरणे वाचून घरभाडे भरता येत नाही.

म्हणून पैशाबद्दल स्पष्ट बोलू. अभ्यासाच्या एका वर्षाचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू नका. परीक्षा मे महिन्यात होते, तेव्हा निर्णय आधीच्या जूनमध्ये व्हायला हवा. फेब्रुवारीत फॉर्म निघाल्यावर नव्हे. ‘यंदा नुसतं बघून येऊ’ म्हणत बसलेले तीन-तीन प्रयत्न आम्ही पाहिले आहेत. प्रयत्नांवर मर्यादा नसल्याने माणूस स्वतःला फसवत राहतो. आमचे मत असे की तयारीनिशी दोन प्रयत्न करावेत, आणि त्यात एम.बी.बी.एस. मिळाले नाही तर आयुर्वेद, होमिओपॅथी की आहे ती नोकरी, हे पहिला फॉर्म भरतानाच घरच्यांसमोर ठरवावे. २०२० मध्ये ७०:३० चा प्रादेशिक कोटा गेला, त्यामुळे मराठवाड्यातल्या उमेदवाराची स्पर्धा आता सगळ्या राज्याशी आहे, हेही ध्यानात ठेवावे. प्रवेश मिळाला म्हणजे झाले असेही नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी असतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो.

फीच्या बाबतीत अनुसूचित जातीच्या उमेदवाराने एवढे पाहावे. शासकीय किंवा खासगी महाविद्यालयात राज्याच्या प्रवेश फेरीतून जागा मिळाली तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिपचा आधार आहे. अभिमत विद्यापीठात किंवा संस्थेच्या कोट्यात तो नाही. आमच्या शहरात खासगी वैद्यकीय शिक्षण अभिमत विद्यापीठाचे आहे. घराजवळ जागा मिळते म्हणून त्या फेरीत नाव टाकण्याआधी फीचा आकडा वाचा. आधीची एक पदवी असणाऱ्यांनी शिष्यवृत्ती लागू होते की नाही, हे समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर साडेपाच वर्षांचे गणित मांडू नये.

आणि शासनाला आमचा सवाल आहे. ‘नीट’च्या मोफत प्रशिक्षणाच्या ज्या योजना निघतात त्या दहावी होऊन नुकत्याच अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांना समोर ठेवून निघतात. आयोगाने २०२२ मध्ये वयाची अट काढली, मग प्रशिक्षणाच्या योजनेत ती मागच्या दाराने का राहावी? बार्टीने नोकरी करणाऱ्या उमेदवारांसाठी संध्याकाळचे वर्ग काढावेत, पहिले घाटीच्या परिसरात किंवा नागसेनवनात. आरोग्य खात्यातल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला परीक्षेपूर्वी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळावी आणि परत आल्यावर तिची जागा शाबूत असावी. पडताळणी समित्यांनी कोणत्याही महाविद्यालयात नसलेल्या उमेदवाराचा अर्ज थेट स्वीकारण्याचे परिपत्रक काढावे. या तीन मागण्यांचे निवेदन घेऊन आम्ही समाजकल्याण आयुक्तालयाकडे जाणार आहोत. ज्यांच्या व्हॅलिडिटीच्या फायली अडकल्या आहेत त्यांनी अर्जाच्या पोचपावतीची प्रत आमच्याकडे आणून द्यावी.