चुकांचा हिशेब

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकांचें पत्र आलें. गृहस्थ एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. त्यांचा पुतण्या गणित घेऊन एम्. एस्सी. झाला आणि आतां संशोधनासाठीं त्यानें शुद्ध गणित सोडून ‘न्यूमेरिकल ॲनालिसिस’ हा विषय धरला आहे. काकांनीं चौकशी केली तेव्हां त्यांस कळलें कीं, समीकरणांचीं उत्तरें यंत्राकडून अंकांत काढवून घेण्याचें हें शास्त्र. “म्हणजे आंकडेमोडच ना? मग इतकीं वर्षें शिकून मुलगा कारकुनी करणार काय?” असें ते आम्हांस विचारतात. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं आणि आमचें खरें शिक्षण संस्कृताचें; पण शाळेंत गणिताचे तासहि वर्षानुवर्षें घेतले, म्हणून बहुधा हा प्रश्न आमच्याकडे आला असावा. उत्तरादाखल एका इंग्रज गणित्याची हकीकत सांगतों.

जेम्स हार्डी विल्किन्सन यांचा जन्म १९१९ सालीं केंट परगण्यांतील स्ट्रूड या गांवीं झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्यांनीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ति मिळविली आणि १९३९ सालीं ते पहिल्या वर्गांत पदवीधर झाले. त्यांची ओढ शुद्ध गणिताकडेच होती. परंतु महायुद्ध सुरू झालें आणि त्यांच्या वांट्यास तोफगोळ्यांच्या मार्गाचीं गणितें करण्याचें सरकारी काम आलें. पुढें १९४६ सालीं ते टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरींत ॲलन ट्यूरिंग यांचे सहायक म्हणून गेले, आणि १९८० सालीं निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिले. विद्यापीठांतील मोठें आसन सोडून सरकारी प्रयोगशाळेंत आयुष्य काढणें हें आमच्या वाचकांच्या दृष्टीनें कारकुनीच्याच जवळचें. म्हणून तेथें त्यांनीं काय केलें तें नीट पाहूं.

यंत्र असो कीं मनुष्य, अनंत दशांश स्थळें कोणीच लिहूं शकत नाहीं. कोठें तरी तोडावेंच लागतें. आपल्या आर्यभटानेंहि व्यास २०,००० असतां परिघ ६२,८३२ असें सांगून त्यास ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असाच शब्द योजिला आहे. परंतु एका गणितांत हजारों गुणाकार-भागाकार असले आणि प्रत्येक वेळीं शेवटचा अंक तोडला, तर त्या बारीक चुका सांचून उत्तर गिळून टाकणार नाहींत कशावरून? १९४३ सालीं हॉटेलिंग या अमेरिकन पंडितानें असें अनुमान काढलें होतें कीं, समीकरणांमागें एक याप्रमाणें चूक चौपट होत जाईल. अठरा समीकरणें घेतलीं तर चाराचा सतरावा घात, म्हणजे १,७०० कोटींच्या वर! दहा स्थळें धरून केलेल्या गणितांत मग एकहि अंक भरंवशाचा उरूं नये.

टेडिंग्टनला खरोखरच अठरा एकसामयिक समीकरणांचें एक गणित आलें. बराच काळ वाद घातल्यावर फॉक्स, गुडविन, ट्यूरिंग आणि विल्किन्सन या चौघांनीं तें टेबलावरच्या गणकयंत्रांवर सोडवूनच पाहण्याचें ठरविलें. ट्यूरिंग यांना यशाची आशा नव्हती. एकेक अव्यक्त काढून टाकण्याची जी रीत आपण शाळेंत शिकवितों तीच त्यांनीं घेतली. दक्षता एवढीच कीं, भागण्यासाठीं दर वेळीं उरलेल्या सहगुणकांतील सर्वांत मोठा निवडावयाचा. शेवटीं ताळा घेतला तों तो दहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळला! पण गंमत पुढेंच आहे. उत्तर आणखी सुधारून पाहिलें तेव्हां दिसलें कीं, पहिल्या उत्तरांतील जवळजवळ सहाच अंक खरे होते. ताळा दहा स्थळांचा आणि उत्तर सहा अंकांचें, हें कसें?

या कोड्यावर विल्किन्सन यांनीं पुढें जो विचार रूढ केला तो असा. उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे हें आधीं विचारूं नका. हें उत्तर कोणत्या प्रश्नाचें तंतोतंत उत्तर आहे, तें विचारा. दोहोंचें वर्गमूळ १.४१४ लिहिलें तर तें चूकच, पण १.९९९३९६ चें तें अगदीं बिनचूक वर्गमूळ आहे. दोन आणि ही संख्या यांत दहा हजारांत तीन भागांचा फरक. तो ‘दोन’ जर सांखळीनें मोजलेल्या शेताचा असेल, तर मोजणींतच याहून अधिक चूक असेल. मग वर्गमूळ काढणाऱ्यास दोष कसा द्यावा?

हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या वर्गांतील एक मुलगा आठवला. लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून त्यानें उत्तर काढलें होतें, शेवटचा अंक छापील उत्तराशीं जुळेना. आम्हीं लाल रेघ मारली. “गुरुजी, प्रश्नांतलीं मापेंच दोन स्थळांपर्यंत आहेत,” असें तो म्हणाला. आम्हीं त्यास उद्धट ठरवून खालीं बसविलें. पुढें त्यानें गणित सोडलें. आमच्या रेघेमुळेंच सोडलें असें नाहीं. पण तो बरोबर बोलत होता, हें त्यास सांगावयाचें राहून गेलें.

कधीं कधीं दोष प्रश्नाच्या प्रकृतींतच असतो. टेडिंग्टनचें ‘पायलट एस’ हें यंत्र १९५० सालीं चालू झालें. त्यावर परीक्षेसाठीं विल्किन्सन यांनीं १ पासून २० पर्यंतचे पूर्णांक हींच ज्याचीं मूळें आहेत असें समीकरण घेतलें. याहून सोपें काय असणार? परंतु त्यांतील −२१० हा एक सहगुणक सुमारें एक कोटीच्या भागाइतका, म्हणजे सातव्या दशांश स्थळीं, बदलला कीं वीस मूळांपैकीं दहा काल्पनिक होतात आणि विसाचें २०.८४७ होतें! आपल्या या व्यवसायांतील सर्वांत मोठा धक्का तोच, असें त्यांनीं उतारवयांत लिहिलें. त्या निबंधास १९८७ सालीं शोव्हने पारितोषिक मिळालें. पण ते १९८६ मध्येंच निवर्तले होते.

आंकडेमोडींतील चुकांवरील त्यांचा ग्रंथ १९६३ सालीं निघाला, आणि १९६५ सालीं दुसरा मोठा ग्रंथ. १९६९ सालीं ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले; १९७० सालीं ट्यूरिंग यांच्याच नांवाचें पारितोषिक मिळालें. ज्याच्या हाताखालीं उमेदवारी केली त्याच्या नांवाचा मान!

पत्रलेखक गृहस्थांस आमची विनंति इतकीच कीं, पुतण्याला एकदां जवळ बसवून तें वीस मूळांचें समीकरण करून दाखवावयास सांगावें. यंत्र हल्लीं घरोघर आहे, काम घटकाभराचें. नंतरहि शंका राहिली तर आम्हांस जरूर लिहावें.