नांव घातलेलें भांडें

आमच्या बीड जिल्ह्यांत लग्नामुंजींत आलेलें भांडें नांव घातल्यावांचून फडताळांत जात नसे. तांब्याच्या कांठावर देणाऱ्याचें नांव व मिति टोंचलेली असे. तांब्या चेपला तरी नांव वाचतां येई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एका सुवर्णचषकाची हकीकत वाचतांना आम्हांस त्या अक्षरांचें स्मरण झालें.

हा चषक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिस येथें घडला. आजची उंची वीतभर, वजन सुमारें १६६ तोळे. सोनें कमी-अधिक खोल कोरून त्यांत पारदर्शक मीना वितळविला आहे. कोरणी खोल तेथें रंग गडद, त्यामुळें वस्त्रांच्या चुण्याही छायेसह उमटल्या आहेत. असा पारदर्शक तांबडा मीना साधणें फार कठीण. येथें तो साधला आहे. चित्रें मात्र सेंट अ‍ॅग्नेसचीं, म्हणजे विवाह नाकारून प्राणास मुकलेल्या रोमन कुमारिकेचीं. मद्यपात्रावर संतचरित्र! वाचकांस हें विचित्र वाटेल, आम्हांसही वाटलें.

बेरीच्या ड्यूकनें तो आपला पुतण्या, फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स, यास नजर केला. १३९१ च्या यादींत त्याची नोंद आहे. पुढें तो इंग्लंडच्या राजघराण्यांत गेला. स्पेनशीं १६०४ मध्यें तह झाला, तेव्हां पहिल्या जेम्सनें तो स्पेनचा वकील व्हेलास्को यास दिला, आणि त्यानें मेदिना दे पोमार येथील संन्यासिनींच्या मठास अर्पण केला. इंग्लंडांत असतां चषकाच्या दांड्यांत ट्यूडर गुलाबांचें एक वळें बसविलें होतें. व्हेलास्कोनें दुसरें बसवून त्यावर तहाची व अर्पणाची नोंद लॅटिनमध्यें कोरविली. नांवें घालतां घालतां पात्र उंच झालें.

१८८३ च्या सुमारास पैशाच्या अडचणींतील त्या मठानें तो पॅरिसच्या बॅरन पिशों यास विकला. तेव्हां दात्याच्या वंशांतील ड्यूकनें चषक परत मिळावा म्हणून दावा लावला, व १८९१ मध्यें तो हरला. पुढील वर्षीं म्युझियमनें आठ हजार पौंड देऊन चषक घेतला.

नारदस्मृतींत दत्ताप्रदानिक म्हणून व्यवहाराचें स्वतंत्र पदच आहे. यथाविधि दिलेलें परत घेतां येत नाहीं. निकाल आम्हांस तरी योग्य वाटतो. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या आजीच्या माहेरचें नांव असलेलें घंगाळ मोडीत गेलें. मोडवाल्यानें वजन केलें, नांव वाचलें नाहीं. तिच्या भावांना तें ठाऊक झालें होतें. पुढें दर दिवाळीस ते आले, पण घंगाळाची चौकशी त्यांनीं एकदांही केली नाहीं.